प्रेशर तपासायला आले आणि डोळे आले: इंदूरमधल्या एका नेत्र-दवाखान्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

दवाखाना इंदूरमधला, डोळ्यांचा, लहानसाच. सर आणि मॅडम दोघंही नेत्रतज्ज्ञ. हाताखाली नंबर आणि प्रेशर तपासणारा एक ऑप्टोमेट्रिस्ट, दोन सिस्टर, रिसेप्शनवर एक ताई आणि साफसफाईला मावशी. रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर इथली जुनी मराठी कुटुंबं वर्षानुवर्षं इथेच डोळे दाखवतात. महू आणि देवासहूनही माणसं येतात. त्यातला मोठा हिस्सा काचबिंदूच्या रुग्णांचा. साठी-सत्तरी उलटलेली ही मंडळी दर तीन-चार महिन्यांनी डोळ्याचं प्रेशर मोजून घेतात, कारण काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही आणि प्रेशर वाढल्याचं रुग्णाला स्वतःला बहुधा कळतही नाही.

प्रेशर मोजतात कसं, हे इथे महत्त्वाचं आहे. डोळ्यात बधिर करणारा थेंब टाकतात, फ्लोरेसिनचा पिवळा रंग लावतात, रुग्ण स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून बघायच्या यंत्रावर, हनुवटी टेकवतो आणि टोनोमीटरचं बोटाच्या पेराएवढं पारदर्शक प्रिझम थेट बुबुळाला टेकतं. याला गोल्डमन टोनोमीटर म्हणतात आणि प्रेशरसाठी सगळ्यात भरवशाचं साधन आजही हेच मानलं जातं. एकाच्या बुबुळाला टेकलेलं टोक काही मिनिटांत दुसऱ्याच्या बुबुळाला टेकतं. मधल्या वेळात ते पुसतात.

मी सूक्ष्मजीवशास्त्राची. दवाखान्यांमध्ये संसर्ग कसा पसरतो आणि कसा रोखायचा, हे माझं काम. या प्रकरणातल्या माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनाक्रम आणि निर्णय तसेच ठेवले आहेत.

अडचण कशी लक्षात आली

पावसाळ्यात डोळे येण्याची साथ इंदूरला नवी नाही. त्या वर्षी जुलैच्या अखेरीस ती शाळांमधून सुरू झाली. लाल डोळ्यांची मुलं आणि मागोमाग त्यांचे आईबाप दवाखान्यात येऊ लागले. ओपीडी भरून वाहत होती, आणि साथीत असं होणारच म्हणून कुणी फारसा विचार केला नाही.

ऑगस्टच्या मध्यावर मॅडमना खटकलं ते एका आजींमुळे. गुडघ्यांमुळे त्या घराबाहेर पडतच नव्हत्या. नातवंडं पुण्याला, घरात फक्त सून, आणि सुनेचे डोळे ठणठणीत. महिन्याभरात आजी एकदाच बाहेर गेल्या होत्या, प्रेशर मोजायला. त्यानंतर आठवड्याभरानं उजवा डोळा लाल, पाणी वाहतंय, पापणी सुजलेली, कानापुढची गाठ हात लावला तरी दुखतेय. चार दिवसांनी डावाही तसाच.

त्या संध्याकाळी मॅडमनी रिसेप्शनचं रजिस्टर घरी नेलं. मागच्या तीन आठवड्यांत आलेल्या, पण येताना डोळे लाल नसलेल्या रुग्णांची नावं काढली आणि एका कागदावर दोन रकाने केले. डावीकडे नुसता चष्म्याचा नंबर काढून गेलेले, उजवीकडे प्रेशर मोजून घेतलेले. नंतर लाल डोळे घेऊन परत आलेल्यांच्या नावांभोवती लाल पेनानं गोल केले. उजवा रकाना गोलांनी भरला. डावीकडे दोनच गोल होते आणि त्या दोन्ही घरांत शाळकरी मुलं आजारी होती.

तो कागद मी नंतर पाहिला. संख्याशास्त्राच्या कुठल्याही कसोटीला तो लावलेला नव्हता, आकडे लहान होते. पण संसर्ग-नियंत्रणात अशा साध्या दोन रकान्यांनी जेवढी दिशा मिळते, तेवढी महागड्या तपासण्यांनी क्वचितच मिळते, असं माझं ठाम मत आहे. मॅडमनी दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन केला.

मी ओपीडीत कोपऱ्यात बसून काम बघितलं. ऑप्टोमेट्रिस्ट मनापासून काम करणारा मुलगा. प्रत्येक रुग्णानंतर नवं पाकीट फाडायचा, स्पिरिटचा स्वॅब काढायचा, प्रिझमच्या टोकावरून दोनदा गोल फिरवायचा, हवेत हलवून वाळवायचा आणि पुढच्याला बोलवायचा. "हर पेशंट के बाद पोंछता हूँ मॅडम, एक भी नहीं छोड़ता," तो म्हणाला, आणि ते खरं होतं. मी टाकून दिलेलं एक पाकीट उचलून वाचलं: ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. पुसण्यापासून पुढच्या डोळ्यापर्यंतचा वेळ मिनिटभराचाही नव्हता.

विषाणू पेशीला धरतो कसा

इथे थोडं थांबून विषाणूकडे बघावं लागेल, कारण पुढचे सगळे निर्णय त्याच्या अंगावर काय आहे आणि काय नाही यावरूनच झाले.

आपल्या प्रत्येक पेशीभोवती एक पटल असतं. स्निग्ध रेणूंचे दोन थर, मिळून जाडी जेमतेम ५ नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). त्यात प्रथिनं रोवलेली असतात. प्रथिनांना आणि काही स्निग्ध रेणूंना बाहेरच्या अंगाला साखरेच्या साखळ्या जोडलेल्या असतात, आणि कित्येक साखळ्यांच्या टोकाशी सायलिक ॲसिड असतं. त्यावर ऋण विद्युतभार असतो. विषाणूला स्वतःहून हलता येत नाही. तो अश्रूंमध्ये किंवा कफात तरंगत येतो, पटलावर आदळतो आणि ओळखीचा रेणू मिळाला तर तिथे टिकतो, नाहीतर वाहून जातो.

साथीत डोळे आणणाऱ्या विषाणूंमध्ये ॲडेनोव्हायरस मुख्य. १९५३ साली अमेरिकेत वॉलेस रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो लहान मुलांच्या काढलेल्या ॲडेनॉइड ग्रंथींच्या तुकड्यांत सापडला, म्हणून हे नाव. व्यास सुमारे ९० नॅनोमीटर. वीस त्रिकोणी बाजूंचं प्रथिनांचं कवच, त्याला बारा कोपरे, आणि प्रत्येक कोपऱ्यातून बाहेर आलेला एक तंतू. तंतूच्या टोकाला गाठ असते आणि पेशीशी पहिली गाठ पडते ती याच गाठीची. माणसात याचे बरेच प्रकार आढळतात, पण बुबुळापर्यंत जाणारी तीव्र साथ प्रामुख्यानं ८, ३७ आणि ६४ या क्रमांकांचे प्रकार आणतात.

३७ क्रमांकाच्या प्रकारावर बारकाईनं काम झालं आहे. त्याच्या तंतूची गाठ तीन सारख्या भागांची, तिच्यावर धनभार भरपूर आणि सायलिक ॲसिड बसेल अशा तीन जागा. बुबुळाच्या पेशींवर जीडी१ए नावाची दोन फांद्यांची साखरसाखळी असते आणि तिच्या दोन्ही टोकांना सायलिक ॲसिड असतं. ही दोन टोकं गाठीवरच्या तीनपैकी दोन जागांत एकाच वेळी बसतात, हे २०११ मध्ये स्फटिकरचनेवरून दिसलं. एक सायलिक ॲसिड एका जागेत बसलं तर बंध कच्चा असतो. गवतातून चालताना एखादं कुसळ धोतराला लागलं तर झटकून पडतं, पण सोगाभर कुसळं लागली की धोतर सोडूनच बसावं लागतं; विषाणूचंही तसंच, बारा तंतूंपैकी जमतील तेवढे तंतू जमतील तेवढ्या जागी धरतात आणि मिळून पकड पक्की होते.

अश्रूंमधल्या चिकट म्युसिनवरही हेच सायलिक ॲसिड असतं. त्यामुळे काही विषाणू पेशीपर्यंत न पोचता तिथेच अडकतात आणि पापण्यांच्या उघडझापीनं वाहून जातात. डोळ्याची ही आपसूक मिळालेली राखण मला फार मोलाची वाटते. प्रेशर मोजताना मात्र प्रिझम अश्रूंचा थर बाजूला सारून थेट बुबुळावर टेकतं. त्यातून बधिर केलेल्या डोळ्याची उघडझापही मंदावलेली असते.

पकड बसल्यावर दुसरा टप्पा. तंतूच्या बुडाशी असलेल्या प्रथिनावर आर्जिनिन, ग्लायसिन आणि अस्पार्टिक ॲसिड असा तीन अमिनो आम्लांचा क्रम असतो. पेशीपटलावरची इंटेग्रिन नावाची प्रथिनं तो ओळखतात, कारण पेशी शेजारच्या आधाराला धरून राहण्यासाठी हाच क्रम वापरते. इंटेग्रिन ओढलं गेलं की पेशी ते पटल आत खोलगट करते आणि विषाणूला एका पिशवीत घेऊन आत नेते. पिशवीतलं वातावरण आम्ल होत जातं, कवच सैल पडतं, आतलं प्रथिन-सहा म्हणून ओळखलं जाणारं प्रथिन मोकळं होतं आणि पिशवीचं पटल फाडतं. उरलेलं कवच पेशीकेंद्राच्या दारापर्यंत जातं आणि डीएनए आत सोडतं. या सगळ्याला तासभर पुरतो.

फ्लूचा विषाणू निराळ्या वाटेनं जातो. तोही सायलिक ॲसिडच धरतो. ती साखर शेजारच्या साखरेला कशी जोडलेली आहे यावर पक्ष्यांचा फ्लू आणि माणसांचा फ्लू यांची निवड ठरते, आणि डोळ्याच्या पृष्ठभागावर पक्ष्यांच्या विषाणूला हवी तशी जोडणी भरपूर असते. २००३ साली नेदरलँड्समध्ये कोंबड्यांचा एच७एन७ फ्लू माणसांत शिरला, तेव्हा बहुतेक रुग्णांना डोळेच आले होते. पण फ्लूच्या कवचावर आणखी एक आवरण असतं, आणि ते आपल्याच पेशीचं पटल असतं. बाहेर पडताना विषाणू ते अंगावर ओढून घेतो. आत शिरताना हे आवरण पेशीतल्या पिशवीच्या पटलात मिसळून जातं, स्निग्ध थर स्निग्ध थरात. करोनाचंही तसंच, नागिणीचं आणि हर्पिसचंही तसंच.

हे आवरण त्यांना आत शिरायला लागतं आणि तेच त्यांचं दुबळं अंग आहे. साबण, स्पिरिट यांनी स्निग्ध थर विरघळतो, विस्कटतो, आणि आवरण गेलं की विषाणूला पेशीत शिरता येत नाही. ॲडेनोव्हायरसकडे विरघळावं असं काही नाहीच. नुसतं प्रथिनांचं घट्ट कवच. आयसोप्रोपिल अल्कोहोल स्निग्ध पदार्थांत मुरणारं असल्यानं आवरणाच्या विषाणूंवर उत्तम चालतं, पण बिनआवरणाच्या विषाणूंवर फार तोकडं पडतं. इथेनॉल त्यामानानं थोडं बरं, तेही जास्त तीव्रतेचं आणि पुरेसा वेळ ओलं ठेवलं तर. दोनदा गोल फिरवलेल्या स्वॅबनं प्रिझमवरचे अश्रू पुसले जात होते, विषाणू बराचसा शाबूत राहत होता. प्लास्टिकच्या कोरड्या पृष्ठभागावर तो काही आठवडे टिकू शकतो.

करोनाच्या वर्षांत आपण सगळ्यांनी स्पिरिट आणि सॅनिटायझरवर विश्वास ठेवायला शिकलो, आणि त्या विषाणूपुरता तो बरोबरच होता. दवाखान्यातली प्रिझम पुसायची पद्धतही तेव्हाच ठरली होती.

पहिला निर्णय: रिपोर्टची वाट पाहायची का

सरांचं म्हणणं होतं, आधी नमुने पाठवू, कुठला विषाणू आहे ते कळू दे. म्हणणं चुकीचं नव्हतं. तीन-चार रुग्णांच्या डोळ्यांतून स्वॅब घेऊन पीसीआरसाठी पाठवले. पण रिपोर्ट यायला दिवस लागणार होते आणि रोज प्रेशरची रांग लागत होती.

आम्ही तिघांनी कागद घेऊन शक्यता लिहिल्या. ॲडेनोव्हायरस असेल, तर आवरण नाही. एन्टेरोव्हायरस ७० किंवा कॉक्सॅकी ए२४ चा बदललेला प्रकार असेल, तर? हे दोघं डोळ्यात रक्त उतरवणारी वेगवान साथ आणतात. १९६९ मध्ये घानातून पसरलेली आणि चंद्रावरच्या स्वारीवरून 'अपोलो ११' असं नाव पडलेली साथ यांच्यातल्याच एकाची, आणि १९७१ मध्ये कोलकात्यात लोकांनी 'जय बांगला' म्हटलेली साथही याच जातीची. आकार ३० नॅनोमीटर, म्हणजे ॲडेनोव्हायरसच्या एक तृतीयांश. कॉक्सॅकी ए२४ पेशीवरच्या आयकॅम-१ या प्रथिनाला धरतो, मग कवचातून एक छोटं प्रथिन बाहेर काढून पटलाला भोक पाडतो आणि त्यातून आपला आरएनए आत सोडतो. यांनाही आवरण नाही. तिसरी शक्यता हर्पिस. त्याला आवरण आहे, पण जे रसायन बिनआवरणाच्या विषाणूला मारतं ते हर्पिसलाही मारतं.

म्हणजे रिपोर्ट काहीही आला तरी प्रिझमच्या बाबतीत उत्तर एकच होतं. मग थांबायचं कशाला? सरांनी तिथेच होकार दिला. नमुने गेले ते उपचारासाठी आणि नोंदीसाठी. पुढे ॲडेनोव्हायरस असल्याचा रिपोर्ट आला. प्रकार कोणता हे काढलं नाही, त्यावर काहीच अवलंबून नव्हतं.

दुसरा निर्णय: प्रेशरचं काय करायचं

दोन आठवडे प्रेशर तपासणी बंद ठेवावी, असा एक विचार होता. सगळ्यात सोपा आणि वरवर सगळ्यात सुरक्षित. सरांनी ठाम विरोध केला आणि माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. आलेले डोळे बहुतेकांचे दोन-तीन आठवड्यांत बरे होतात. काचबिंदूच्या एखाद्या रुग्णाचं प्रेशर तिशीत गेलेलं असताना तपासणी पुढे ढकलली तर त्याची नजर जाईल ती कायमची. तेव्हा त्यांनी यादी केली: ज्यांचं प्रेशर गेली दोन वर्षं स्थिर आहे त्यांना महिनाभर पुढची तारीख, बाकीच्यांना ठरल्या दिवशीच बोलवायचं.

हवेचा झोत मारून, डोळ्याला हात न लावता प्रेशर मोजणारं यंत्र दवाखान्यात होतं. ते चाळणीसाठी चांगलं, पण वरच्या प्रेशरला त्याच्या आकड्यावर औषध बदलायला सर तयार नव्हते. स्थिर रुग्णांपैकी कुणी आलंच तर त्यांच्यासाठी ते वापरायचं ठरलं. एकदाच वापरून फेकायची टोकंही मिळतात. ती मागवली, पण साथीच्या दिवसांत पुरवठादाराकडे माल अडकला होता आणि रोजच्या रोज वापरायला खर्चही झेपणारा नव्हता. ती लाल डोळ्यांच्या रुग्णांसाठी राखून ठेवली.

उरला पर्याय हायपोचा, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचा. अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजीच्या २०१७ च्या आढाव्यात टोनोमीटरच्या प्रिझमसाठी ॲडेनोव्हायरस आणि हर्पिस दोघांवरही पातळ केलेलं ब्लीच परिणामकारक असल्याचं म्हटलं आहे. क्लोरीन कवचाच्या प्रथिनांवरच हल्ला करतं, त्याला आवरणाची गरज नाही. अडचणी तीन होत्या. प्रिझम पाच ते दहा मिनिटं बुडवून ठेवावं लागतं, म्हणजे एका प्रिझमवर ओपीडी चालणार नाही. नीट धुतलं नाही तर उरलेलं क्लोरीन बुबुळाला भाजतं. आणि वारंवार बुडवल्यानं प्रिझमला चिरा पडू शकतात, त्या चिरांत पुन्हा विषाणू बसतो.

ऑप्टोमेट्रिस्टची भीती दुसऱ्या अडचणीची होती, आणि रास्त होती. बधिर डोळ्याला भाजलेलं लगेच कळत नाही.

काय केलं

आणखी प्रिझम विकत घेतले, एवढे की एक वापरात, एक भिजत, एक धुऊन वाळत असं चक्र फिरत राहील. ५ टक्क्यांचं हायपो एक भाग आणि पाणी नऊ भाग, म्हणजे ०.५ टक्के, क्लोरीनच्या हिशेबात सुमारे ५००० पीपीएम (दहा लाख भागांत ५००० भाग). रोज सकाळी नवं करायचं, कारण उन्हानं आणि उष्णतेनं त्यातलं क्लोरीन उडतं. आधीच्या दिवसाचं उरलं असेल तर बेसिनमध्ये ओतायचं, जिवावर येवो न येवो.

मेजावर डावीकडून उजवीकडे तीन वाट्या मांडल्या. पहिली गडद रंगाची, हायपोची, आणि तिच्याशेजारी दहा मिनिटांचा टायमर. दुसरी आणि तिसरी स्वच्छ पाण्याच्या. मग निर्जंतुक गॉजवर टोक खाली न टेकवता वाळवायचं आणि वापरण्याआधी स्लिट लॅम्पखाली चीर आहे का ते बघायचं. डावीकडची वस्तू उजवीकडे जाईल, उजवीकडची कधीच डावीकडे येणार नाही, एवढा एकच नियम मुलाला पाठ करायला सांगितला. पहिल्या दिवशी रांग लांबली, लोक कुरकुरले. तिसऱ्या दिवसापर्यंत त्याचा हात बसला.

प्रिझमच्या पलीकडेही बघावं लागलं. बाहुली मोठी करायच्या थेंबांची एकच बाटली दिवसभर फिरत होती आणि तिचं टोक पापणीच्या केसांना लागत होतं. लाल डोळ्यांसाठी वेगळी बाटली ठेवली आणि ती संध्याकाळी टाकून द्यायची ठरलं. हनुवटी टेकायची पट्टी, कपाळपट्टी, नंबर काढायची ट्रायल फ्रेम, दाराच्या मुठी हायपोनं पुसायच्या. हातांसाठी भिंतीवरचं सॅनिटायझर काढलं नाही, पण लाल डोळा तपासल्यावर साबण आणि वाहतं पाणी सक्तीचं केलं. साबणानं हा विषाणू मरत नाही, पण चोळून धुतल्यानं हातावरून निघून जातो, आणि तेवढं पुरतं. लाल डोळ्यांच्या रुग्णांना मागच्या दारानं थेट वेगळ्या खोलीत न्यायचं.

काळा चष्मा घातला म्हणजे बघणाऱ्याला डोळे येत नाहीत, हा समज रिसेप्शनवरच्या ताईंनाही होता. नजरेनं काही पसरत नाही. हात, रुमाल, उशीचा अभ्रा, थेंबांची बाटली यांनी पसरतं, हे दोन ओळींत हिंदी आणि मराठीत लिहून काउंटरवर लावलं.

तिसरा निर्णय: रुग्णांना सांगायचं का

हा निर्णय सगळ्यात जड गेला. गणपती तोंडावर आले होते. मागच्या दोन आठवड्यांत ज्यांचं प्रेशर मोजलं होतं, त्यांच्यापैकी काही अजून ठीक होते, पण लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन दिवस ते दोन आठवडे जाऊ शकतात. त्यांना फोन केला तर त्रास दिसताच ते घरच्यांपासून टॉवेल-उशी वेगळी ठेवतील, आरतीच्या गर्दीत जाणार नाहीत. फोन केला तर दवाखान्याचं नावही खराब होईल, कदाचित.

मॅडमचं मन पहिल्यापासून फोन करण्याकडे होतं. सरांनी एक रात्र मागितली आणि सकाळी स्वतःच यादी घेऊन बसले. सिस्टरकडून फोन न करवता दोघांनी स्वतः केले. बहुतेकांनी शांतपणे ऐकून घेतलं. राजेंद्र नगरचे एक काका चिडले: "डॉक्टर, डोळे दाखवायला आलो होतो, डोळे आणून घरी गेलो." सरांनी ऐकून घेतलं, कारणं दिली नाहीत, आणि काकूंना काही त्रास आहे का ते विचारलं. होता. दोघांनाही त्याच दिवशी बोलावून मोफत तपासलं.

फोन करताना एक गोष्ट आवर्जून सांगितली, ती म्हणजे केमिस्टकडून थेंब आणू नका. तिथे सहज मिळणाऱ्या कित्येक थेंबांत अँटिबायोटिकबरोबर स्टिरॉइड असतं. अँटिबायोटिकचा या विषाणूवर उपयोग शून्य. स्टिरॉइडनं लाली उतरते, माणसाला बरं वाटतं, पण प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यामुळे विषाणू डोळ्यातून जास्त दिवस बाहेर पडत राहतो असं दिसलं आहे. हर्पिस असेल तर बुबुळावर व्रण वाढतो. काचबिंदूच्या रुग्णाचं प्रेशर स्टिरॉइडनं चढतं, ते वेगळंच. ॲडेनोव्हायरससाठी खास मान्यता मिळालेले थेंब आजही नाहीत. सायलिक ॲसिडची नक्कल करून विषाणूच्या गाठी आधीच अडवणारे रेणू बनवायचे प्रयत्न झाले आहेत आणि कल्पना मला अतिशय आवडते, पण रुग्णाला लिहून देता येईल असं काही अजून हाती नाही. थंड पट्ट्या, कृत्रिम अश्रू आणि धीर, एवढंच.

निष्पत्ती

आधीच लागण झालेले रुग्ण पुढचे दहा-बारा दिवस येत राहिले, ते अपेक्षित होतं. त्यानंतर प्रेशर मोजून घेतल्यावर डोळे आलेला रुग्ण दिसला नाही. अनंत चतुर्दशीच्या झांकी, म्हणजे चित्ररथ, निघाल्या तोवर शहरातली साथही ओसरत आली होती, त्यामुळे सगळं श्रेय तीन वाट्यांना देता येणार नाही. पण मॅडमनी दोन रकान्यांचा कागद चालू ठेवला होता आणि उजवा रकाना डाव्याच्या आधी रिकामा झाला. मला तो पुरावा पुरेसा वाटतो.

आजींचे डोळे तीन आठवड्यांत पांढरे झाले, पण बुबुळात नाण्यासारखे गोल अंधुक डाग राहिले. विषाणूच्या अवशेषांवर शरीरानं केलेल्या माऱ्याच्या या खुणा. पोथी वाचताना अक्षरांभोवती धूर दिसतो म्हणाल्या. इथे मात्र सौम्य स्टिरॉइड द्यावं लागलं, मॅडमच्या देखरेखीत, दर भेटीला प्रेशर बघत, हळूहळू कमी करत. काही महिन्यांनी डाग बरेच फिके झाले. रात्री दिव्याभोवती वलय अजून दिसतं. त्या अजूनही याच दवाखान्यात येतात.

चिडलेले काका पुन्हा आले नाहीत.

पुन्हा वेळ आली तर

लाल डोळ्यांचे रुग्ण आणि प्रेशरचे रुग्ण एकाच स्लिट लॅम्पवर बसवणं साथीच्या पहिल्याच आठवड्यात थांबवता आलं असतं. त्यासाठी विषाणूचं नाव कळायची गरज नव्हती. आता दवाखान्यात ठरलं आहे की एका दिवसात पाचपेक्षा जास्त लाल डोळे आले की दुसऱ्या दिवसापासून वेगळी खोली आपोआप सुरू होईल, कुणाच्या परवानगीची वाट न पाहता.

जंतुनाशक विकत घेताना पाकिटावर काय लिहिलंय हे बघणारं कुणी नव्हतं. खरेदी रिसेप्शनवरून भावानुसार व्हायची. आता सिस्टर खरेदीची यादी तपासतात आणि प्रत्येक रसायनापुढे दोन खुणा करतात, आवरणाच्या विषाणूंवर चालतं का, बिनआवरणाच्या विषाणूंवर चालतं का. दुसऱ्या रकान्यात फुली असलेलं काहीही डोळ्याला टेकणाऱ्या वस्तूसाठी वापरायचं नाही.

एक गोष्ट चौकशीत उशिरा पुढे आली आणि ती मला सगळ्यात जास्त टोचते. साथीच्या सुरुवातीला ऑप्टोमेट्रिस्टचा स्वतःचा डोळा दोन-तीन दिवस लाल होता. सुट्टी घेतली तर पगार कापला जाईल म्हणून तो चष्मा लावून कामावर आला आणि कुणाला बोलला नाही. रुग्णांकडे विषाणू प्रिझमवरून गेला की त्याच्या बोटांवरून, हे आता वेगळं काढता येणार नाही. सर-मॅडमनी डोळे आलेल्या कर्मचाऱ्याला चौदा दिवस भरपगारी रजा द्यायचं लेखी ठरवलं, आणि ते पत्र हायपोच्या वाट्यांच्या वरच्या भिंतीला लावलं आहे. मावशींनाही ती रजा लागू आहे, हे त्यात वेगळ्या ओळीत लिहून घेतलं.